जलसंजीवनीच्या पुडीतले रसायनशास्त्र

पावसाळ्याचे पहिले दोन-तीन आठवडे उलटले की विहिरींचे आणि नळांचे पाणी गढूळ होते, आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यांत जुलाब-उलट्यांचे पेशंट वाढू लागतात. वर्तमानपत्रात अमुक गावी गॅस्ट्रोची साथ अशी बातमी येते. आशाताई घरोघरी जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या, पुड्या वाटू लागतात. त्याच सुमारास अकरावीचे वर्गही सुरू झालेले असतात. डॉक्टर व्हायचे मनात धरून जीवशास्त्र घेतलेली मुले पुस्तक उघडतात, तर समोर अणू, आयन, मोल, परासरण, सामू! ही मुले मला हमखास विचारतात, "आम्हांला शरीर शिकायचे आहे, मग हे रसायनशास्त्र कशाला?"

या दोन्ही गोष्टींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते, आणि ते म्हणजे जलसंजीवनीच्या त्या छोट्याशा पुडीत. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुरुवातीला जेवढे रसायनशास्त्र लागते, त्यातले बहुतेक सगळे या पुडीत भरलेले आहे. घरात लहान मूल असलेल्या आईबापांनाही ते थोडेफार कळलेले बरे. ही पुडी मला पुष्कळ घरांत दिसते. पण ती चुकीच्या पद्धतीने कालवलेली दिसण्याचे प्रमाणही कमी नाही. कोणी अर्धी पुडी पेलाभर पाण्यात टाकते, कोणी मुलाला चव आवडावी म्हणून वर दोन चमचे साखर घालते, तर कोणी पुडी बाजूला ठेवून थंड पेयाची बाटली आणते. असे करणाऱ्या माणसाची माया कमी नसते. पुडीतल्या आकड्यांना काही अर्थ आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच. आज तेवढेच सांगतो.

पुडीत असते तरी काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली ठरवून दिलेल्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यासाठीच्या पुडीत चार पदार्थ असतात. साधे मीठ, म्हणजे सोडिअम क्लोराइड, २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशिअम क्लोराइड १.५ ग्रॅम, आणि ट्रायसोडिअम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण २०.५ ग्रॅम. काही कंपन्या चवीसाठी थोडा स्वाद घालतात, त्याने वजन किंचित वाढते. पण औषध आहे ते या चारच पदार्थांचे.

यात एकही महागडे रसायन नाही. मीठ आणि साखर तर आपल्या स्वयंपाकघरात असतेच. मग एवढे मोजूनमापून का? ते कळण्यासाठी थोडे खोलात जाऊ.

मिठाचा खडा पाण्यात गेल्यावर

जगातला प्रत्येक पदार्थ अणूंचा बनलेला आहे. अणूच्या मध्यभागी धनप्रभार असलेले प्रोटॉन असतात आणि भोवती ऋणप्रभार असलेले इलेक्ट्रॉन. दोन्ही सारख्या संख्येने असले की अणूवर एकंदर प्रभार राहत नाही. सोडिअमच्या अणूत ११ प्रोटॉन आणि ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी सर्वांत बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो सहज सुटतो. क्लोरिनच्या अणूत १७ इलेक्ट्रॉन असतात. बाहेरच्या कक्षेत सात. आठ पूर्ण व्हायला त्याला एक हवा असतो. सोडिअम एक देतो, क्लोरिन एक घेतो. देणारा धनप्रभारित होतो, घेणारा ऋणप्रभारित. अशा प्रभार असलेल्या अणूंना आयन म्हणतात. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, आणि त्यातून मिठाचा खडा तयार होतो.

या देवाणघेवाणीने पदार्थाचा स्वभाव किती बदलतो पाहा. सोडिअम हा धातू पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरिन हा विषारी वायू आहे. पण दोघांचे आयन झाले की तेच मीठ आपण रोज भाजीत घालतो आणि त्यावाचून जगू शकत नाही. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे, की शरीरात सोडिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम असे आपण म्हणतो तेव्हा त्यांचे आयन अभिप्रेत असतात, धातू नव्हे.

आता पाण्याकडे वळू. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे जास्त ओढतो. त्यामुळे रेणूचे ऑक्सिजनकडचे टोक किंचित ऋण आणि हायड्रोजनकडची टोके किंचित धन होतात. मीठ पाण्यात पडले की पाण्याचे रेणू आपले ऋण टोक सोडिअमकडे आणि धन टोक क्लोराइडकडे करून त्यांना घेरतात आणि खड्यातून सोडवून नेतात. यालाच आपण विरघळणे म्हणतो. तेलाच्या रेणूला अशी टोके नसतात, म्हणून मीठ तेलात विरघळत नाही.

ग्लुकोजही पाण्यात विरघळते, पण त्याचे आयन होत नाहीत. त्याच्यातले अणू इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीने एकत्र राहिलेले असतात. पाण्यात गेल्यावर फक्त रेणू एकमेकांपासून सुटे होतात. म्हणजे मिठाच्या एका जोडीमागे दोन कण मिळतात आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागे एकच. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

वजन वेगळे, संख्या सारखी

पुडीत मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम, म्हणजे ग्लुकोज पाचपट झाले. मग ही गोड पुडी आहे असे कोणालाही वाटेल. पण शरीर वजन करीत नाही, शरीर कण मोजते. बाजारात एक डझन केळी आणि एक डझन कलिंगडे घेतली तर संख्या सारखीच, पण वजनात केवढा फरक! रसायनशास्त्रातही असाच एक डझन आहे. त्याला मोल म्हणतात. फरक एवढाच, की डझनात बारा नग असतात आणि मोलमध्ये सहावर तेवीस शून्ये लिहिली तर जी संख्या होईल सुमारे तेवढे कण. मोलचा हजारावा भाग म्हणजे मिलिमोल.

मिठाचा एक मोल ५८.५ ग्रॅम भरतो, ग्लुकोजचा १८० ग्रॅम. आता गणित करा. १३.५ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ७५ मिलिमोल. २.६ ग्रॅम मिठातून सोडिअमचे सुमारे ४४ मिलिमोल मिळतात. सायट्रेटच्या प्रत्येक रेणूबरोबर सोडिअमचे तीन आयन असतात, त्यामुळे २.९ ग्रॅम सायट्रेटमधून आणखी सुमारे ३० मिळतात. बेरीज केली तर सोडिअमही जवळजवळ ७५! म्हणजे एक लिटर जलसंजीवनीत सोडिअमचा एक कण आणि ग्लुकोजचा एक कण अशी बरोबरी साधलेली आहे. याशिवाय क्लोराइड ६५, पोटॅशिअम २० आणि सायट्रेट १०. सगळे मिळून २४५ मिलिमोल कण. हा २४५ चा आकडा लक्षात ठेवा.

पाणी कोणीकडे वाहते?

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातले की थोड्या वेळाने वाटीत पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. सुकलेला मनुका रात्रभर पाण्यात ठेवला तर सकाळी टच्च फुगलेला असतो. दोन्हींत घडते ते एकच. पेशींचे पातळ आवरण पाण्याला जाऊ-येऊ देते, पण मीठ-साखरेला सहज जाऊ देत नाही. अशा वेळी पाणी कमी कण असलेल्या बाजूकडून जास्त कण असलेल्या बाजूकडे जाते. कोशिंबिरीत बाहेर मीठ जास्त, म्हणून पाणी काकडीतून बाहेर आले. मनुक्यात आत साखर जास्त, म्हणून पाणी आत गेले. शास्त्रात याला परासरण म्हणतात.

आपल्या आतड्यात हेच चालते. एका बाजूला आतड्यातला द्रव आणि दुसऱ्या बाजूला रक्त. रक्तातल्या पाण्यात विरघळलेल्या कणांची संहती साधारण २८५ ते २९५ इतकी असते. जलसंजीवनीची २४५, म्हणजे रक्तापेक्षा थोडी कमी. साहजिकच पाण्याचा ओघ आतड्याकडून रक्ताकडे राहतो. जुन्या सूत्रात मीठ ३.५ ग्रॅम आणि ग्लुकोज २० ग्रॅम होते आणि एकूण संहती ३११ होती, रक्तापेक्षा किंचित जास्त. त्यानेही असंख्य जीव वाचवले. पण संहती कमी केल्यावर मुलांचे जुलाबाचे प्रमाण आणि उलट्या कमी होतात, सलाइन लावण्याची वेळ कमी येते, असे अभ्यासांत दिसून आले. म्हणून २००२ साली नवे सूत्र आले.

आता अर्धी पुडी पेलाभर पाण्यात टाकणाऱ्या घराकडे वळू. लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये कालवली तर संहती दुप्पट, म्हणजे ४९०. अर्धी पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात टाकली तर अडीचपट, म्हणजे ६०० च्या वर. असा द्रव पोटात गेला की पाणी उलट्या दिशेने, रक्तातून आतड्याकडे, ओढले जाते. जुलाब वाढतात. वर मिठाचा जादा भार रक्तात जातो. रक्तातले सोडिअम साधारणपणे लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल असते. ते फार वाढले तर मेंदूच्या पेशींतून पाणी बाहेर ओढले जाते. मूल चिडचिडे होते, गुंगीत जाते, त्याला झटके येऊ शकतात. उलट एक पुडी दोन लिटरमध्ये कालवली तर सोडिअम निम्मे होते आणि शौचावाटे गेलेल्या क्षारांची भरपाई होत नाही. नुसते साधे पाणीच पाजत राहिले तर रक्तातले सोडिअम आणखी उतरते.

थंड पेये आणि डब्यातले फळांचे रस यांचेही असेच आहे. त्यांतल्या बऱ्याच पेयांत साखर इतकी असते, की कणांची संहती रक्ताच्या दुपटीच्या घरात जाते. सोडिअम मात्र नावापुरते. मूल ते आवडीने पिते, पण त्याचे जुलाब वाढतात. 'ओआरएस' हे नाव मिरवणारी, पण सूत्रात न बसणारी गोड पेयेही बरीच वर्षे दुकानांतून विकली गेली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या वेष्टनावर ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही घेताना वेष्टन वाचावे. जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असे लिहिलेले आणि वरचे चार पदार्थ असलेलेच घ्यावे.

मिठाला साखरेची सोबत

इथे एक शंका येईल. क्षार गेले आहेत, तर नुसते मीठपाणी पाजले तर का चालत नाही? साखर कशासाठी?

पटकीच्या जंतूचे विष आतड्याच्या पेशींना क्लोराइड बाहेर सोडायला लावते. क्लोराइडमागोमाग सोडिअम आणि त्यांच्यामागे पाणी. भाताच्या पेजेच्या निवळीसारखे जुलाब होतात ते यामुळे. हे विष असते, हे कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशांच्या आतड्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. अशा वेळी नुसते मीठ पाजले, तर ते आत घेण्याची नेहमीची वाट बंद पडलेली असल्याने ते शोषले जात नाही.

पण आतड्याच्या पेशीला आणखी एक दार असते. त्या दारावर बसलेले प्रथिन सोडिअम आणि ग्लुकोज दोघांना बरोबरच आत घेते. एकट्यादुकट्याला प्रवेश नाही. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर ते सोडिअमचे दोन आयन आत नेते. (एक सोडिअम कमी पडला असे वाटेल, पण आतड्यात पाझरणाऱ्या रसातही सोडिअम असतेच.) ही जोडीने होणारी वाहतूक अमेरिकेचे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागच्या एका परिषदेत मांडली. पटकीचे विष या दाराला धक्का लावत नाही. म्हणजे जुलाब चालू असतानाही ग्लुकोजचा हात धरून सोडिअम आत जाते, आणि आत कण वाढले की परासरणाने पाणीही मागोमाग जाते. साखर ताकदीसाठी नव्हे, तर मिठाला आत नेण्यासाठी आहे, हे यातले मर्म.

ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी १९६८ साली पटकीच्या रोग्यांवर हा उपाय यशस्वी करून दाखवला. पण खरी परीक्षा झाली ती १९७१ साली. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले होते. सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी धाडस केले. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम साधे मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करून पिंपांतून ठेवले, आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पेल्याने पाजायला सांगितले. अशा साथीत शंभरातले तीसपर्यंत रोगी दगावत. त्यांच्या देखरेखीखाली हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. सुई नाही, बाटली नाही, शिकलेली नर्स नाही. औषध पाजणारे हात आईचे आणि भावाचे. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. त्यांचे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत असायला हवे होते.

पोटॅशिअम आणि सायट्रेट कशासाठी?

सोडिअम मुख्यतः पेशींच्या बाहेर असते, पोटॅशिअम मुख्यतः आत. पेशीच्या आवरणावरचा एक पंप सोडिअमचे तीन आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशिअमचे दोन आत घेतो, असे अहोरात्र चालते. हा पंप डेन्मार्कचे जेन्स स्कू यांनी १९५७ साली शोधला. त्याबद्दल त्यांना १९९७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंचे आकुंचन, हृदयाचे ठोके हे सगळे या दोन आयनांच्या फरकावर चालते. जुलाबांतून पोटॅशिअम बरेच जाते. मग हातपाय गळतात, पोट फुगते, हृदयाची लय बिघडू शकते. त्यासाठी पुडीत पोटॅशिअम क्लोराइड.

सायट्रेटची गोष्ट सामूशी निगडित आहे. द्रव किती आम्ल आहे हे सांगणारे माप म्हणजे सामू. सात म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. एक अंक उतरला की आम्लता दहापट वाढते. घरी पाहायचे तर हळदीच्या डागाला साबण लावा. डाग लाल होतो, कारण साबण आम्लारिधर्मी आहे. वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो. रक्ताचा सामू मात्र ७.३५ ते ७.४५ एवढ्याच अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. तो सांभाळणारा एक प्रमुख क्षार म्हणजे बायकार्बोनेट. जुलाबांतून हा क्षार वाहून जातो आणि रक्त आम्लतेकडे झुकते. मग शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आम्लता कमी करू पाहते, आणि मूल जोरजोरात, खोल श्वास घेऊ लागते. छाती भरली असेल असे घरच्यांना वाटते. तसेही असू शकते. पण जुलाब झालेल्या मुलाचा श्वास असा वाढला, तर ते पाणी व क्षार फार गेल्याचे लक्षण असू शकते. वाट न पाहता दवाखाना गाठावा.

सायट्रेटचे शरीरात बायकार्बोनेट होते आणि तूट भरून निघते. पूर्वी पुडीत खाण्याचा सोडाच असे. पण आपल्याकडच्या दमट हवेत सोडा आणि ग्लुकोज एकत्र राहिले की पुडीचा गोळा होई, रंग बदले. सायट्रेटने पुडी जास्त दिवस टिकू लागली.

घरी काय करावे?

एक, पुडीवर किती पाण्यासाठी आहे ते आधी वाचा. एक लिटरची असते, तशी २०० मिलिलिटरची छोटीही मिळते. लिटर मोजायला पाण्याची एक लिटरची रिकामी, स्वच्छ धुतलेली बाटली उत्तम. पाणी उकळून गार केलेले घ्या.

दोन, पुडी एकदम, पूर्ण घाला. अर्धी घालून अर्धी ठेवू नका, अंदाज चुकतो. वरून साखर, मीठ, दूध, सरबत काही घालू नका. कालवल्यावर उकळू नका. पाणी आटते आणि संहती वाढते.

तीन, केलेले द्रावण झाकून ठेवा आणि चोवीस तासांत संपवा. उरले तर टाकून द्या.

चार, दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, आणि त्याहून मोठ्यांना हवे तेवढे द्या. लहानग्यांना चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करा.

पाच, अंगावरचे दूध आणि नेहमीचा आहार बंद करू नका. पोटाला विश्रांती म्हणून मुलाला उपाशी ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. सरकारी आरोग्य केंद्रातून पुडीबरोबर झिंकच्या गोळ्या मिळतात. त्या सांगितल्याप्रमाणे चौदा दिवस पूर्ण द्याव्यात, जुलाब आधी थांबले तरी.

सहा, पुडी नसेलच तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा पाच मिलिलिटरचा. शीग लावायची नाही. सहा चमचे साखर साधारण २५ ग्रॅम भरते. साखरेचा मोल ३४२ ग्रॅमचा, म्हणजे झाले सुमारे ७३ मिलिमोल. आतड्यात साखरेच्या प्रत्येक रेणूचा एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज होतो. म्हणजे ग्लुकोज ७३. पुडीतल्या ७५ च्या अगदी जवळ! मात्र यात पोटॅशिअम आणि सायट्रेट नसते, म्हणून पुडी मिळताच पुडी सुरू करावी. द्रावण चाखून पाहा. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते फेकून पुन्हा करा.

सात, मीठ घातलेली भाताची पेज चांगली. पिठुळातले ग्लुकोज आतड्यात हळूहळू सुटे होते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशिअम भरपूर, पण सोडिअम थोडे. वर प्यायला द्या, पुडीच्या जागी नको. मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे दुखणे असलेल्यांनी आणि मधुमेह्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे.

आणि आठवे सर्वांत महत्त्वाचे. मूल पीत नसेल, सुस्त पडले असेल, डोळे खोल गेले असतील, तान्ह्याची टाळू बसली असेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली जात असेल, सहा तासांत लघवी झाली नसेल, शौचातून रक्त जात असेल किंवा उलटीत काहीच टिकत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. दवाखान्यात नेताना वाटेत मात्र जलसंजीवनी पाजत राहा, पिण्याइतके भान असेल तर.

दुकानांतून चौकशी केली तर ही पुडी सगळीकडे मिळते, आणि उपकेंद्रात वा आशाताईंकडे ती मोफत आहे. पावसाळा संपेपर्यंत दोन पुड्या घरात आणून ठेवा, आणि कोणाच्या हाती त्या लागतील त्याला मापाचे कारणही सांगा. घरात अकरावीत जीवशास्त्र घेतलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर सांगण्याचे काम त्यांच्याकडेच द्या. आजीला ७५ आणि २४५ हे आकडे कशाचे, ते तिच्या भाषेत समजावता आले, तर तो धडा त्यांचा पक्का झाला असे समजावे.